व्यक्ती क्रमांक चार

बेंगळुरूच्या आमच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन म्हणजे दरवर्षी तेच ते असायचं. मातीचा ज्वालामुखी, थर्माकोलचं धरण आणि कुणाच्या तरी इंजिनिअर मामाने जोडून दिलेली बेल. मी आठवीत गेले त्या वर्षी नवीन सायन्स मिस आल्या आणि त्यांनी सगळ्या मामांना घरी बसवलं. मॉडेल नको, प्रश्न आणा, म्हणाल्या. ज्याचं उत्तर पुस्तकात सापडणार नाही आणि जो तुम्हाला स्वतः मोजून सोडवता येईल असा एक प्रश्न. उत्तर काय येणार ते आधीच ठाऊक असेल तर तो आणू नका.

मी त्या मिसना जाम घाबरायचे. खरं तर त्या मारायच्या नाहीत, ओरडायच्यासुद्धा नाहीत. नुसतं "कसं मोजणार?" एवढंच कन्नडमध्ये विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत समोर उभ्या राहायच्या. ओरडणाऱ्या बाईंचं ओरडणं कधीतरी संपतं तरी. या मात्र तास संपेपर्यंत उभ्या राहिल्या असत्या.

पाच प्रश्न लिहून आणायचे होते, एका पानावर एक. माझ्या वहीची पानं मिस उलटत गेल्या. माणसाला स्वप्नं का पडतात? "कशाने मोजणार, पट्टीने?" रेघ. झाडांना गाणं आवडतं का? "आवडलं, हे झाड तुला कसं सांगणार?" आता त्यावर उंची मोजीन, पानं मोजीन, असं काहीतरी म्हणता आलं असतं हे मला आज कळतं. रेघ. कोणता साबण सगळ्यात चांगला? "चांगला म्हणजे कशाला? वासाला, फेसाला, की डाग काढायला?" रेघ. कावळे काळेच का असतात, यावर तर त्यांनी काही विचारलंही नाही.

पाचवं पान कोरं होतं. मला सुचलंच नव्हतं काही. मिसनी ते कोरं पान माझ्यासमोर धरलं आणि थांबल्या. सगळा वर्ग थांबला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मिस, सुईत काळा दोरा ओवायला पांढऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो का?"

मिसनी वही बाकावर ठेवली. म्हणाल्या, हे मोजता येईल. पण नुसतं काळं-पांढरं फार सोपं झालं. पाच गडद रंग घे. आधी माणसाला विचार, कुठलं रीळ कुठल्या रंगाचं. मग ओवायला सांग आणि सेकंद मोज. एकदा दिवसा दारात, एकदा संध्याकाळी बल्बखाली. मग त्यांनी त्या कोऱ्या पानावर माझा प्रश्न स्वतः लिहिला आणि खाली हिरव्या शाईने सही केली. वर्गात सगळ्यात पहिला माझा प्रश्न पास झाला होता. मुली माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मी वही दप्तराच्या तळाशी कोंबत होते. तो प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होता, आणि तो कुणी विचारायचा नाही असं न बोलता ठरलेलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, शिंपी होते. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे आमची गल्ली, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर. घराण्यात शिवणकाम किती पिढ्यांचं, बेंगळुरूत आम्ही कधी आलो, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. पुण्याचे पाहुणे आले की आमची मराठी ऐकून तोंडावर रुमाल धरायचे, कारण आम्ही 'थोडं थांब' न म्हणता 'स्वल्प थांब' म्हणायचो. त्याच पाहुण्यांच्या बायका जाताना अप्पांकडून दोन-दोन ब्लाउज शिवून न्यायच्या, तेव्हा बरं कुणाला हसू यायचं नाही.

घर चालायचं ते मात्र शाळेच्या कामावर. माझ्याच शाळेच्या. जूनमध्ये मुलींचे युनिफॉर्म आणि डिसेंबरात वार्षिक समारंभाच्या कवायतीसाठी गडद निळे स्कर्ट. आमच्या हेडमिस्ट्रेस ते काम दरवर्षी अप्पांना द्यायच्या. त्याआधी आजोबांना मिळायचं. ते गेलं असतं तर साड्यांना फॉल लावणं आणि उसवलेल्या बाह्या शिवणं एवढंच हातात राहिलं असतं. त्यावर पाच माणसांचं... नाही, तोवर आजोबा गेले होते, चार माणसांचं पोट भरणं शक्य नव्हतं. आणि आमच्याच गल्लीत आणखी चार शिंपी त्या कामावर टपून बसलेले होते.

शाळेतून आलं की खेळायला जाण्याआधी वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, हे माझं रोजचं काम. पूर्वी अप्पा स्वतःच ओवायचे. एक दिवस म्हणाले, "पुट्टी, तुझी बोटं बारीक आहेत, कापडाशी रंग जुळवून तू ओव." त्यांनी लाडाने पुट्टी म्हटलं की मी कुठल्याही कामाला तयार व्हायचे. मोठं झाल्यासारखं वाटून मी अगदी हुरळून गेले होते. मग हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की दुकानात कुणी शिरलं तर तो माणूस बोलेपर्यंत अप्पा नाव घेत नाहीत. रिळांच्या ड्रॉवरला कुणी हात लावला की चिडतात. त्या ड्रॉवरमधली जागा आजोबांच्या वेळेपासून ठरलेली होती. पुढच्या रांगेत डावीकडून काळा, निळा, हिरवा, तपकिरी, मरून. मागे सगळे फिके रंग. काम झालं की रीळ परत आपल्या जागी. आमच्याकडे देवघरातला देव इकडचा तिकडे झालेला चालला असता, रीळ नाही.

त्या वर्षी स्कर्टांचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. काज-बटणांचं काम माझी थोरली बहीण, अक्का, करायची. तिने एक स्कर्ट उचलला, दारात नेऊन पाहिला आणि मुकाट्याने आईच्या मांडीवर ठेवला. निळ्या स्कर्टला काळ्या कापडाचा पट्टा लावलेला होता. अप्पा तेव्हा देवळात गेले होते. आईने तो पट्टा उसवला, निळ्या कापडाचा दुसरा कापला आणि अप्पा परत यायच्या आत अक्काने तो मशीनवर लावूनही टाकला. सगळं झाल्यावर आई मला म्हणाली, "शाळेत यातलं एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?" त्या दिवसापासून मी प्रत्येक तयार स्कर्ट उजेडात धरून बघायला लागले. आणखी दोन सापडले.

डॉक्टरकडे का नाही गेले, असं आता कुणीही विचारेल. आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो डोळा कायमचा गेला होता, दुसऱ्याने आधीच धड दिसत नव्हतं. त्यानंतर त्यांना हाताला धरून फिरवायचं काम अप्पांकडे होतं, शाळकरी वयात. त्यामुळे आमच्या घरात डोळ्यांचा विषय काढायची सोय नव्हती. अक्काने एकदा "अप्पा, नंबर तपासून घ्या की" एवढंच म्हटलं, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. रागाने बोलत नाहीत असं मला तेव्हा वाटलं होतं.

प्रश्न पास झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिसकडे गेले आणि प्रश्न बदलून मागितला. का, म्हणाल्या. फार अवघड आहे, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोजायला काहीच अवघड नाही. उत्तर काय येईल ते तू ठरवायचं नाहीस." मग बसवून सगळे नियम सांगितले. दहा माणसं हवीत. नावं लिहायची नाहीत, व्यक्ती एक, व्यक्ती दोन, असं लिहायचं. जे येईल ते तिथल्या तिथे शाईने लिहायचं. दर सोमवारी वही दाखवून सही घ्यायची. आणि रिळांचा क्रम प्रत्येक वेळी बदलायचा, कारण क्रम ठाऊक असला की माणूस बघत नाही, आठवून सांगतो. मी मान डोलवत होते. नावं लिहायची नाहीत हा एकच नियम मला देवासारखा वाटला.

अप्पांना घ्यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. रविवारी दुपारी ते जेवून आडवे झाले की उरकून टाकू, म्हणून कटिंगच्या टेबलावर दाराजवळ पाच रिळं मांडली. आई पहिली, अक्का दुसरी. शेजारी बॅगा शिवणारे चाचा तिसरे. तिघांनीही उजेडात पाचही रंग बरोबर सांगितले. ओवायला मात्र चाचांना एकेका सुईला अर्धं मिनिट लागलं आणि ते सुईला शिव्या देत बसले. तेवढ्यात आतून अप्पा आले. "सुईत दोरा ओवायची परीक्षा, आणि शिंप्यालाच वगळता होय?" म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "माझा नंबर कितवा?"

"चौथा," मी म्हटलं. आई आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

मी रिळं मांडली. डावीकडून मरून, काळा, तपकिरी, निळा, हिरवा. अप्पांनी डावीकडून एकेका रिळावर बोट ठेवलं आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणून टाकलं, "काळा, निळा, हिरवा, तपकिरी, मरून." नजर रस्त्याकडे होती. मी त्या रिळांकडे बघतच राहिले. ड्रॉवर म्हणून दाखवत होते ते. रिळं ड्रॉवरमधून काढली म्हणजे त्याच क्रमाने मांडली असणार, आमच्या घरात दुसरं कोण कसं मांडेल? क्रम मीच मोडला होता, मिसच्या सांगण्यावरून. आता सुया, अप्पा म्हणाले. मी सुया दिल्या. त्यांनी दोऱ्याचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत असं दाबलं की बाहेर काहीच दिसू नये, आणि वरून सुईचं नेढं त्या चिमटीवर टेकवून जरासं हलवलं. दोरा नेढ्यातून वर आला. चार सेकंद. पाचही सुया तशाच, हनुवटी वर, रस्त्याकडे तोंड करून. चाचा "क्या बात है" म्हणाले.

"किती बरोबर आले?" अप्पांनी विचारलं.

"सगळे, अप्पा."

"मग!" म्हणाले आणि चाचांच्या पाठीवर थाप मारून आत गेले. इतके खुशीत मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मी वहीत लिहिलं: व्यक्ती ४, ओवण्याचा सरासरी वेळ चार सेकंद, चुकलेले रंग पाच. खोटं बोलायला मला काही वाटलं नाही, पण खोटं लिहायचा धीर झाला नाही. असलीच भित्री होते मी. संध्याकाळी बल्बखाली मी क्रम परत बदलला, त्यांनी परत तोच ड्रॉवर म्हणून दाखवला आणि मी परत 'सगळे बरोबर' म्हटलं. बाकीच्यांचा बल्बखाली काळ्या-निळ्यात घोटाळा झाला, पण कुणाचाच दोनपेक्षा जास्त नाही.

सोमवारी मिसनी पानावर सही केली. त्या दिवशी आईने वही उघडली. तिला कन्नड वाचता यायचं नाही, पण आकडे कळायचे. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे पान फाड." सही झाली आहे, मी म्हटलं. ती खालीच बसली. "नाव नाही ना लिहिलंस?" नाही, म्हटलं. "मग कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. हेडमिस्ट्रेसच्या कानावर गेलं तर संपलंच सगळं, पुट्टी." तोपर्यंत भीती फक्त मलाच वाटते अशी माझी समजूत होती.

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. उरलेली सहा माणसं मोजली, तक्ता रंगवला. वर्गातल्या मुली आपापल्या प्रश्नांबद्दल भांडत होत्या, गुळावर माझ्या माश्या जास्त बसल्या की तुझ्या. मला माझ्या तक्त्यावर एकच ओळ दिसायची. शाई सांडावी, तक्ता हरवावा, मला ताप यावा, मिसची बदली व्हावी, सगळं मागून झालं. यातलं काही झालं नाही. मी ठणठणीत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने त्यांना अडवायचा खूप प्रयत्न केला. स्कर्ट द्यायचे आहेत उद्या, अजून हूक लावायचेत, कशाला जाता, मुलीच असतात सगळ्या. अप्पा म्हणाले, "माझ्यावर प्रयोग केलाय पोरीने, मी नको बघायला?" अकराच्या सुमाराला ते शाळेच्या हॉलमध्ये आले. मी त्यांना लांबून पाहिलं. दारात थांबून ते माझा आवाज कुठून येतोय ते ऐकत होते. मी बोलायची थांबले असते तर त्यांना मी सापडले नसते, आणि एक क्षण मी खरंच थांबले. मग मला माझीच शरम वाटली आणि मी हाक मारली.

ते आले आणि तक्त्यावरून हात फिरवत म्हणाले, "यात मी कुठे आहे?" मी त्यांचं बोट चौथ्या ओळीवर ठेवलं. "इथे, अप्पा. पाचपैकी पाच लिहिलंय." ते हसले. मी त्यांना टेबलामागे भिंतीशी स्टुलावर बसवलं आणि मनातल्या मनात परीक्षकांनी माझं टेबल वगळावं म्हणून देवाला साकडं घातलं.

परीक्षक बाहेरचे होते, कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांच्याबरोबर हेडमिस्ट्रेस आणि आमच्या मिस. त्यांनी माझा प्रश्न वाचला, चांगला प्रश्न आहे म्हणाले, आणि ओळीमागून ओळ पेन्सिल फिरवत गेले. पेन्सिल चौथ्या ओळीवर थांबली.

"हे काय आहे?" ते कन्नडमध्ये म्हणाले. "या चौथ्या व्यक्तीने सुया सगळ्यांपेक्षा लवकर ओवल्या, म्हणजे नजर उत्तम. आणि भर उजेडात पाचपैकी पाच रंग चुकले, म्हणजे नजर नाहीच. असं कसं होईल? दोन्ही आकडे एकाच माणसाचे असणं शक्य नाही." मी टेबलावरची रिळं सरळ करायला लागले. "ही व्यक्ती कोण?" हेडमिस्ट्रेस पुढे वाकून तक्ता वाचायला लागल्या. "हे बघ बाळ," ते समजावत म्हणाले, "दहा माणसं भरली नाहीत म्हणून एक ओळ मनाने लिहिलीस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

माझ्यामागे अप्पा बसलेले. 'पाचपैकी पाच चुकले' हे त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला वळून बघवेना. समोर हेडमिस्ट्रेस. परीक्षकांनी स्वतःहून एक वाट दाखवली होती आणि मी तिच्यावरून पळत सुटले. "हो सर. मनाने लिहिलं. असं कुणी नाहीच."

मिसचा चेहरा मला अजून दिसतो. "पण मी सही केली आहे," त्या हळूच म्हणाल्या, मला की स्वतःलाच, कोण जाणे. परीक्षकांनी नुसता उसासा टाकला. एक ओळ खोटी म्हणजे सगळंच रद्द करावं लागेल, आणि तुमचीही चूक आहे, असं ते मिसना सगळ्यांसमोर म्हणाले. आणि मला काय वाटलं सांगू? सुटले. मला खोटारडी म्हणा, मिसना बोलणी बसू देत, स्कर्टांचं काम वाचलं. मला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं.

तेवढ्यात मागे स्टूल सरकलं.

"ती खोटं बोलते, साहेब," अप्पा म्हणाले. "म्हणजे आत्ता बोलते. वहीत लिहिलंय ते खरं असणार. चार नंबर मी आहे."

हेडमिस्ट्रेसनी वर पाहिलं. "तुम्ही?" म्हणाल्या. अप्पांनी त्या आवाजाच्या दिशेने हात जोडले. मग टेबलाशी येऊन चाचपून सुई घेतली, दोरा घेतला, चिमटीत धरला आणि परीक्षकांच्या तोंडाकडे बघत चार सेकंदांत ओवून दाखवला. "हे हाताने होतं," म्हणाले. "याला डोळे लागत नाहीत. आता रंग विचारा. पण मांडणी तुम्ही करा. पोरगी नको."

परीक्षकांनी रिळं उचलली, मागेपुढे केली, परत मांडली. या वेळी अप्पांनी घाई केली नाही. पहिलं रीळ उचललं, खिडकीकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "काळा," म्हणाले. ते मरून होतं. दुसरं उचललं. बराच वेळ लागला. "हाही काळाच दिसतो." तिसरं उचललं आणि काही न बोलता खाली ठेवलं. चौथं, पाचवं नुसतंच हातात धरून पाहिलं. मला कुणीतरी हॉलमधून उचलून न्यावं असं वाटत होतं.

"सगळे काळेच आहेत, साहेब," अप्पा म्हणाले.

परीक्षकांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग अप्पा हेडमिस्ट्रेसकडे वळले आणि दुकानात बोलायचे तशा साध्या आवाजात म्हणाले, "मॅडम, कवायतीचे स्कर्ट घरी तयार आहेत. घेण्याआधी कुणाकडून तरी उजेडात एकेक बघून घ्या. मला वाटतं, काही चुकले असतील." त्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. आणखी काय म्हणणार? जूनचं काम आमच्याकडे आलं नाही, हे आताच सांगून टाकते. गल्लीतल्याच दुसऱ्या दुकानात गेलं. डोळ्यांचं पुढे जे व्हायचं ते झालं, एक वाचला.

पण त्या दुपारी मी अप्पांबरोबर शाळेच्या जिन्यावरून खाली आले. ते कठड्याला धरून, पायाने पायरी चाचपत उतरत होते आणि तसं उतरताना आज पहिल्यांदाच लपवत नव्हते. निम्म्यावर थांबून म्हणाले, "त्या दिवशी सगळे बरोबर म्हणालीस ते का गं?"

"भीती वाटली, अप्पा."

ते आणखी दोन पायऱ्या उतरले.

"मला दोन वर्षं वाटतेय," म्हणाले. "रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी."